बारा खुंट्या, दोन चिंध्या

यादिराने सातवी खुंटी उपटून काखेत मारली, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अहो… त्या माझ्या आहेत."

ती वळली. गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला एक उंच, किडकिडीत तरुण धापा टाकत उभा होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात एकच चप्पल. दुसरी बहुधा धावताना वाटेत राहिली होती. उन्हाने त्याच्या नाकाचं सालपट निघालं होतं. पाहुणा शहरातला आहे हे ते नाकच सांगत होतं.

"खुंट्या तुमच्या असतील," यादिरा म्हणाली, "जागा माझी आहे." आणि तिने आठवी उपटली.

यात तिची काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात शहरांतली माणसं वाळवंट ओलांडून एल गोल्फोच्या किनाऱ्यावर लोटतात, तंबू ठोकतात, वाळूत गाड्या उडवतात आणि चार दिवसांत गावाची वर्षभराची चूल पेटवून जातात. त्या दिवसांत कुणाची टपरी कुठे लागणार, हे दोन आठवडे आधी खुंट्या ठोकून ठरतं. खुंटीला आपल्या घराची चिंधी बांधायची. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. कुको मामाची हिरवी, बर्फवाल्यांची निळी आणि यादिराच्या घरची पिवळी, आईच्या जुन्या एप्रनची. एकदा खुंटी लागली की तिच्या आत परक्याने पाऊल टाकायचं नाही. या गावात दहा आज्ञांमध्ये थोडीफार सूट मिळते, या अकरावीत मिळत नाही. आणि लाल चकचकीत फीत तर गावात कुणाच्याच घरची नव्हती. होड्या पाण्यात सोडायच्या उतारासमोरची आपली जागा कुणा उपऱ्याने बळकावली असं यादिराला वाटलं, आणि ती तडक कामाला लागली.

शिवाय त्या फितींच्या गाठी अशा होत्या की वाऱ्यानेच सोडाव्यात. असल्या गाठी मारणारा माणूस कोळी नव्हे, एवढं तिने पहिल्या खुंटीलाच ओळखलं होतं.

"खाली अंडी आहेत," तो कळवळून म्हणाला.

"कुणाची?"

"पेहेरेय माशाची. काल दुपारी घातलेली. एकेका खुंटीखाली एकेक घरटं. आता मला कळणार कसं, कुठे काय होतं ते?"

तो गुडघ्यांवर बसला आणि उरलेल्या चार खुंट्यांपैकी एकीच्या पायथ्याशी हाताने वाळू उकरू लागला. हळू, झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा. वीतभर खाली गेल्यावर त्याने ओंजळ वर आणली. ओल्या वाळूत मोहरीएवढे पिवळसर मणी चिकटले होते, शेकड्यांनी. यादिराने ती अंडी लहानपणापासून पाहिली होती, पण कुणी अशी दोन्ही हातांत धरून दाखवली नव्हती. तिने काखेतल्या आठ खुंट्यांकडे पाहिलं, मग वाळूकडे. भोकं वाऱ्याने केव्हाच बुजवली होती.

"काल दुपारची म्हणता?" ती जरा नरमाईने म्हणाली. "मग आजही येतील ते. अमावास्येच्या भरतीनंतर तीन दिवस येतात."

"तुम्हाला माहीत आहे?"

"या माशांच्या बारशाला जेवलेय मी. दोन वाजता या. आणि आधी ती दुसरी चप्पल शोधा."

एल गोल्फोत पाऊस वर्षातून दोनदा पडतो, तोही चुकून. त्यामुळे प्रेमकथेला लागणारा पाऊस इथे कुणाच्या वाट्याला येत नाही; जे काय भिजायचं ते भरतीत. दोन वाजता यादिरा आली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता, दोन्ही चपला पायात घालून. त्याचं नाव एफ्राइन. एन्सेनाडाच्या युनिव्हर्सिटीत शिकत होता, आणि पवित्र आठवडा संपेपर्यंत इथेच एका कोळ्याच्या घरी भाड्याने राहणार होता. आईवडील काय करतात, हे तिने विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं: वडील शिंपी, आई शाळेत. घाबरलेली माणसं फार बोलतात, हे यादिराला टपरीवरच्या अनुभवाने माहीत होतं. तिने बोलू दिलं.

पाणी चढून थांबलं, किंचित ओसरू लागलं, आणि पहिली लाट चंदेरी झाली.

"हलू नका," यादिरा कुजबुजली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "पावलं कळतात त्यांना."

मग सगळा किनाराच चमकू लागला. वीतभर लांबीचे मासे लाटेबरोबर वाळूवर उतरत होते. मादी शेपटीवर उभी राहून स्वतःला वाळूत घुसवायची, गरगर फिरत, डोकं तेवढं बाहेर राहीपर्यंत. लगेच दोन-तीन नर येऊन तिच्याभोवती कमानीसारखे वळायचे. अंग थरथरायचं, वाळू थरथरायची… आणि पुढची लाट आली की सगळे परत पाण्यात. अर्ध्या मिनिटाचा संसार. तोही भर दुपारी, वर पेलिकन घिरट्या घालत असताना.

"लाजबीज काही नाही यांना," यादिरा म्हणाली.

एफ्राइनच्या नाकाचा उरलेला भागही लाल झाला. तो पुस्तकातल्यासारखं सांगू लागला की मादी खाली वाळूत अंडी सोडते, आणि नराचं… म्हणजे नराकडून जे येतं ते… तिच्या अंगावरून ओघळत खाली अंड्यांपर्यंत पोचतं.

"आणि एकीला नर किती?"

"कधी एक. कधी… पाच-सहा."

"चैन आहे बाई. आणि नंतर?"

"नंतर निघून जातात."

"ती पण?"

"ती पण. अंडी एकटीच राहतात. दहा दिवसांत आतलं पिल्लू तयार होतं, डोळेसुद्धा दिसतात. पण अंडं फुटत नाही." त्याचा आवाज आता बदलला होता, घाबरणं विसरून तो आपल्या आवडत्या गोष्टीवर आला होता. "पुढची मोठी भरती पौर्णिमेला. ती इथपर्यंत चढते, लाटा वाळू ढवळतात, अंडी हलतात… आणि मग मिनिटाभरात सगळी फुटतात. पाणी नसताना बाहेर आली तर मरतील ना. म्हणून तयार असूनही वाट पाहत राहतात."

यादिराने मासे येताना पाहिले होते, जाताना पाहिले होते. अंडी पक्षी खातात आणि उरलेली चंद्र उबवतो, असं गावात म्हणत. वाळूखाली इतकं शहाणपण पुरलेलं असेल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"आणि पौर्णिमेला पाणी नाही पोचलं तर?"

"हाच तर माझा अभ्यास," तो म्हणाला. आणि मग, फार सभ्यपणे, "माझं मनगट…"

तिने हात काढून घेतला. मासे जाऊन पाच मिनिटं झाली होती.

त्या दुपारी बाराच्या बारा खुंट्या पुन्हा लागल्या, त्याच जागेत, नव्या अंड्यांवर. पण एवढ्याने भागणार नव्हतं. पौर्णिमा नेमकी पवित्र गुरुवारी येत होती, ईस्टरची पौर्णिमाच ती. म्हणजे अंडी फुटायची वेळ आणि गर्दीची वेळ एकच. लाल फितींना गावात काही अर्थ नव्हता. बुधवारपर्यंत तिथे कुणीतरी तंबू ठोकला असता, आणि गाड्यांच्या चाकांखाली अंड्यांचं काय होतं ते सांगायला युनिव्हर्सिटी लागत नाही.

दोन दिवस यादिरा विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी ती आईच्या एप्रनच्या बारा पिवळ्या चिंध्या घेऊन एफ्राइनकडे आली. "या बांधा. आमच्या घराच्या खुंट्यांत कुणी पाय टाकत नाही."

"आणि तुमची टपरी?"

"मागे लावू. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी."

भिंतीपाशी ना सावली, ना समुद्र, ना गिऱ्हाईक. हे तिने त्याला सांगितलं नाही. आईला, चायोबाईंना, सांगावंच लागलं. चायोबाई मासे तळता तळता थांबल्या, तेलाकडे पाहून म्हणाल्या की वीस वर्षं मी त्या जागेसाठी भांडले ते काय माशांच्या बाळंतपणासाठी, आणि मग तोर्तिया इतक्या जोरात थापू लागल्या की शेजारच्यांनी डोकावून पाहिलं. पण नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुको मामा हसत हसत टपरीवर आला. मामाचं काम जुन्या ट्रकने होड्या पाण्यात ढकलायचं, त्यामुळे किनाऱ्यावरची बातमी पहिल्यांदा त्याला कळते आणि दुसऱ्यांदा सगळ्या गावाला.

"चायो, अभिनंदन," तो म्हणाला. "लोक एका खुंटीवर सोयरीक ठरवतात. तुझ्या जावयाने बारा ठोकल्या."

झालं होतं असं, की एफ्राइनने पिवळ्या चिंध्या बांधल्या, पण आपल्या लाल फिती सोडल्या नाहीत. दोन खुणा एकीपेक्षा बऱ्या, असा त्याचा शास्त्रीय हिशेब. आणि गावात एका खुंटीला दोन घरांच्या चिंध्या केव्हा लागतात? दोन घरांचं लग्न ठरतं तेव्हा. त्या वर्षीपासून दोघांची टपरी एक. याखेरीज दुसरा अर्थ नाही, आजवर कधी नव्हता.

यादिरा धावतच किनाऱ्यावर गेली. बाराही खुंट्यांवर पिवळं आणि लाल शेजारी शेजारी फडफडत होतं. एफ्राइन वाळूत बसून वहीत काहीतरी लिहीत होता. त्याने मान वर करून इतक्या निरागसपणे विचारलं, "बरोबर बांधल्या ना?" की तिच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

"गाठी सैल आहेत," ती एवढंच म्हणाली.

ती गाठी सोडू शकली असती. दोन मिनिटांचं काम. तिने एकेका खुंटीपाशी जाऊन पिवळ्या गाठी घट्ट केल्या. लालना हात लावायचा तिला धीर झाला नाही… आणि सोडवतही नव्हत्या. घरी आल्यावर आईने विचारलं, "सोडल्यास?" ती म्हणाली, वारा सोडेल. आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग दिवस सुरू झाले ते दुपारच्या भेटींचे. तो दर दिवशी एका खुंटीखालची चार अंडी भिंगाखाली पाहायचा आणि तिलाही पाहायला लावायचा. आज पाठीचा कणा दिसतो. आज हृदय हलतंय. आज डोळा. भिंग एकच, त्यामुळे डोकी जवळ यायची. तिच्या केसांना तळणाचा वास येतो, याची तिला एरवी कधी लाज वाटली नव्हती. आता ती निघण्याआधी लिंबाच्या पाण्याने हात धुऊ लागली. तो तिच्याकडून पाणी वाचायला शिकला, वारा वाचायला शिकला, शिंपल्यांवर मिरची किती घालायची ते एकदाच आणि कायमचं शिकला. गाठ मात्र शिकला नाही. तिने चारदा दाखवली. "तुला मुद्दामच येत नाही," पाचव्यांदा ती म्हणाली, आणि 'तुम्ही' कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही.

"तू इतकी जवळ बसून दाखवतेस," तो खाली पाहत म्हणाला, "मग गाठीकडे लक्ष कसं राहील…"

त्या दिवशी दोघं एकमेकांकडे न पाहता उठले.

पवित्र आठवडा आला. गर्दी आली, धुरळा आला, गाड्यांच्या आवाजाने पेलिकनसुद्धा दक्षिणेला गेले. उतारासमोर मात्र बारा खुंट्यांमधला वाळूचा तुकडा जसाच्या तसा राहिला. शहरातले लोक आत घुसू पाहत, तर गावातलं कुणीतरी, एरवी चायोबाईंशी बोलतही नसलेलं, त्यांना हाकलून द्यायचं. लग्नघराची जागा आहे, दिसत नाही का. इकडे भिंतीपाशी चायोबाई उन्हात भाजत होत्या आणि येईल त्याला मासे तळून देत होत्या. येणारे थोडेच होते. त्या उन्हाकडे पाहिलं की यादिराला टोचायचं.

गुरुवारी उत्तरेचा वारा सुटला. या समुद्राचं बंद टोक उत्तरेला, भरती येते दक्षिणेकडून. तिकडून वारा सुटला की भरतीला पुढे येऊच देत नाही. गुरुवारी पाणी चार हात अलीकडे थांबलं. शुक्रवारी तीन. शनिवारी दोघं खुंट्यांजवळ उभे राहिले, दुपारी दोनला. लाट आली, फेसाची कड पुढे सरकली, शेवटच्या खुंटीपासून दोन हातांवर थांबली… जरा घुटमळली… आणि परत फिरली.

एफ्राइन मटकन खाली बसला. आणि यादिराला, देवाशपथ, आनंद झाला. अंडी फुटली नाहीत म्हणजे हा जाणार नाही, हा पहिला विचार तिच्या मनात आला. दुसरा विचार आला तो त्याचा चेहरा पाहून, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

पण त्याला जावं लागणारच होतं. सोमवारी युनिव्हर्सिटीची गाडी त्याला न्यायला येत होती. मंगळवारपासून दुसऱ्या समुद्रावर बोटीवरची पाहणी होती, ती टाळली तर पुढचं वर्षच गेलं असतं.

"संपली का ती आता?" तिने विचारलं.

"नाही. आता तर खरी परीक्षा. पाणी आलं नाही तर ती थांबतात. पुढच्या अमावास्येच्या भरतीपर्यंत."

"आणि तेव्हाही नाही आलं तर?"

"तर मग… संपतात. वाट पाहताना आतली पिल्लं आपल्याच पोटातला बलक खात असतात. तो किती पुरणार?"

"म्हणजे एकदा उशीर माफ," यादिरा म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती अंड्यांबद्दल बोलत नव्हती, हे त्याला कळलं होतं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं, आणि नेमका तेव्हाच कुको मामाचा ट्रक भोंगा वाजवत शेजारून गेला. "मी येईन," एवढंच तो म्हणाला. "अमावास्येच्या भरतीला. तोवर तू पाहशील त्यांना?"

"मी कुठे जाणार आहे," ती म्हणाली.

सोमवारी गाडी गेली. संध्याकाळी भांडी घासताना चायोबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भरतीबरोबर आलेलं ओहोटीबरोबर जातं, पोरी." त्यांना बोलायचा अधिकार होता. यादिराचा बाप बर्फाचा ट्रक घेऊन या गावात आला होता, तीन हंगाम राहिला, आणि एके दिवशी तोच ट्रक घेऊन गेला. यादिराने इतकंच विचारलं, की आई, तू किती दिवस वाट पाहिलीस? चायोबाईंनी कढई पालथी घातली आणि म्हणाल्या, मोजले नाहीत.

गर्दी ओसरल्यावर किनारा ओकाबोका झाला. यादिरा दर दुपारी जायची, एका खुंटीखालची चार अंडी भिंगाखाली पाहायची आणि त्याच्याच वहीत लिहायची. डोळे काळेभोर. हलतात. बलक कालच्यापेक्षा कमी. पहिले चार दिवस फोन आला. त्याने अंड्यांची चौकशी केली, आईची केली, मामाच्या ट्रकची केली. ज्याची करायची तिची सोडून सगळ्यांची केली. मग बोट खोल पाण्यात गेली आणि फोन थांबला. वाऱ्याने त्याच्या लाल फिती एकेक करून नेल्या. दहाव्या दिवशी शेवटची गेली. बारा खुंट्यांवर पिवळ्या चिंध्या तेवढ्या उरल्या, घट्ट गाठींच्या.

गावाने ते पाहिलं. यादिरा आली की बोलणं बदलायचं. त्या दिवसांत तिला पहिल्यांदा कळलं की तयार असूनही न फुटणं म्हणजे काय असतं. रात्री ताटात अर्धं तसंच राहायचं, आणि तरी सकाळी ती गुणगुणत उठायची. तिला तो हवा होता. सालपट निघालेल्या नाकासकट हवा होता.

अमावास्येनंतरच्या शनिवारी सकाळीच तिने पाण्याकडे पाहून ओळखलं की आज येणार. वारा पडला होता, समुद्र तेलासारखा जड दिसत होता. एफ्राइन आला नव्हता. कुको मामाने बातमी आणली की काल वाळूचं वादळ झालं, टेकड्यांपाशी रस्ता बुजला आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या आहेत. तो त्या गाड्यांत आहे की नाही हे मामाला माहीत नव्हतं, आणि विचारायचं धाडस तिला होत नव्हतं.

दीड वाजता तिने खुंट्या उपटल्या. आज ती जागा समुद्राची होती. अकरा तिने बाजूला टाकल्या. बाराव्या खुंटीखालची मूठभर वाळू मात्र तिने अलगद उकरली, अंड्यांसकट, आणि टपरीवरच्या मेयोनेझच्या रिकाम्या बरणीत भरली. वर ओला फडका बांधला. बरणी कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत ठेवली आणि परत किनाऱ्याशी आली.

पाणी चढलं. पहिली लाट खुंट्यांच्या जागी पोचली, वाळू ढवळली, मागे गेली. दुसरी आली. तिसऱ्या लाटेच्या फेसात यादिरा वाकून पाहत होती, आणि तिला दिसलं: काचेच्या तुकड्यांसारखी पिल्लं, नखाएवढीही नाहीत, दोन काळे डोळे आणि एक शेपटी. हजारो. लाटेबरोबर गेलीसुद्धा. महिनाभर कोरड्यात बसून वाट पाहिली, आणि पाणी आलं तर मागे वळूनही पाहिलं नाही कुणी. यादिरा गुडघाभर पाण्यात उभी राहून रडली, थोडी आनंदाने, थोडी तशीच.

चार वाजता पाणी उतरलं होतं. उताराच्या टोकाला बर्फाचा ट्रक थांबला आणि त्यातून कुणीतरी उडी मारून धावत सुटलं. एका पायात चप्पल होती.

"रस्ता… टेकड्यांपाशी…" एफ्राइन धापा टाकत म्हणाला. केसांत, भुवयांत, कानांत वाळू भरलेली. "सात किलोमीटर चाललो. मग हा ट्रक…" त्याने सपाट ओल्या वाळूकडे पाहिलं. खुंट्या नव्हत्या, काहीच नव्हतं. "गेली?"

"गेली. सगळी फुटली. वहीत लिहिलंय मी, वेळेसकट."

त्याच्या अभ्यासाचं उत्तर मिळालं होतं, आणि तरी त्याचा चेहरा उतरला. "मला ते तुझ्याबरोबर पाहायचं होतं," तो म्हणाला. "उत्तर नाही… ते पाहायचं होतं."

यादिरा भिंतीपाशी गेली आणि बरणी घेऊन आली. पाण्याच्या कडेला बसून तिने फडका सोडला.

"ही थांबवली. एकदा उशीर माफ म्हटलं होतं ना."

तो तिच्यासमोर वाळूत बसला. तिने ओंजळीने समुद्राचं पाणी बरणीत ओतलं. दोघांनी ती धरली, चार हातांनी, आणि हलवली. हळू, मग जरा जोरात. पाणी गढूळ झालं. काही दिसेना. एफ्राइन श्वास रोखून पाहत होता. मग गढूळ पाण्यात एक काळा डोळा चमकला, मग दोन, मग बरणीच्या काचेवर सगळीकडे बारीक बारीक शेपट्या वळवळू लागल्या.

"यादिरा," तो बरणीकडेच पाहत म्हणाला, "बोटीवर नऊ दिवस मी एकच वाक्य पाठ करत होतो. आता आठवत नाहीये."

"मग पाठ न केलेलं सांग."

"मला तू आवडतेस. खूप. हंगामापुरती नाही. इथल्या किनाऱ्याचं काम मी मागून घेतलंय, मिळालंय. मी राहायला आलोय."

तिने बरणी आडवी करून पाण्यात धरली आणि पिल्लं एकेका लाटेबरोबर निघून गेली. मग तिने तिचा ओला हात त्याच्या गालावर ठेवला. वाळूचा थर निघाला आणि खाली चेहरा निघाला. हाच चेहरा तिला महिनाभर भिंगाशिवाय दिसत होता. त्याने तिचा तळहात ओठांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

जरा वेळाने तो उठला. बाजूला पडलेल्या खुंट्यांतली एक त्याने उचलली. पिवळी चिंधी अजून तिच्यावर होती. ती त्याने जुन्या जागी, उतारासमोर ठोकली. खिशातून एक लाल कापड काढलं. फीत नव्हती ती, कापड होतं. शिंप्याच्या दुकानातला नीट कापलेला, कडा शिवलेला तुकडा.

"हे आमच्या घरचं आहे," तो म्हणाला. "बाबांनी दिलं. कशाला हवं ते सांगून आणलंय."

"तुला अर्थ माहीत आहे?" यादिराचा आवाज चिरकला.

"निघायच्या दिवशी मामांनी सांगितला. मागच्या वेळी बारा बांधल्या, त्या न कळता. ही एक कळून."

त्याने ते पिवळ्या चिंधीशेजारी बांधलं, जिभेचं टोक दातांत धरून, फार मन लावून. वर भिंतीपाशी चायोबाई टपरीतून बाहेर आल्या होत्या. हातातला झारा तसाच होता, आणि शेजारी कुको मामा पहिल्यांदाच गप्प उभा होता.

यादिराने पुढे होऊन गाठ ओढून पाहिली. ती तिच्या हातात सुटून आली. एफ्राइनच्या तोंडचं पाणी पळालं.

"सैल होती," ती म्हणाली. मग तिने लाल आणि पिवळं एकत्र धरलं, दोनदा वळसा घातला, कोळी होडी बांधतात ती गाठ मारली आणि दाताने ओढून घट्ट केली.